नळाला पाणी आले नाही

सोलापूर स्टेशनावर उतरलो तेव्हा माझ्या ट्रंकेत दोन धोतरं आणि एक कोट होता, आणि मनात तुरुंगात जायची पूर्ण तयारी होती. साल सत्तावीस-अठ्ठावीसचं असावं. मी पुण्याला नुकताच बी.ए. झालो होतो. जोरकस लिहितो असं मित्र म्हणत, आणि मित्र म्हणत ते मी तपासून पाहत नसे. सोलापूरच्या एका साप्ताहिकाला उपसंपादक हवा होता. माझा बेत सरळ होता: आधी काही जळजळीत अग्रलेख, मग अटक, मग सक्तमजुरी, आणि सुटून आलो की पुणे स्टेशनावर हार घेऊन उभे असलेले हेच मित्र.

साप्ताहिकाची कचेरी भवानी पेठेत एका रंगाऱ्याच्या कारखान्यावर माडीवर होती. खाली सुताच्या लडी रंगायच्या, वर आम्ही. जिन्याच्या भिंतीला टेकलं की सदऱ्याला रंग लागे. त्यामुळे आमच्याकडचा माणूस गावात लांबूनही ओळखू येई.

संपादक तेव्हा पन्नाशीचे होते. ठेंगणे, जाड भिंगांचा चष्मा, कोटाच्या बाह्या शाईने कडक झालेल्या. मूळचे अक्कलकोटकडचे, त्यामुळे खरा राग आला की कानडीत बोलत. ते लेख कागदावर लिहीतच नसत. आमचा मजकूर त्याच गल्लीतल्या एका शेटजींच्या छापखान्यात छापला जाई. तिथे नरसय्या नावाचा कंपॉझिटर होता. त्याच्या छपाईच्या खिळ्यांच्या खणांपाशी उभं राहून संपादक तोंडी सांगत आणि नरसय्या सरळ खिळे जुळवी. नरसय्याच्या घरची भाषा तेलुगू, म्हणून वाक्य कुठे तोडायचं तेही सांगावं लागे. वर्षानुवर्षांच्या या सवयीने संपादकांच्या साध्या बोलण्यातसुद्धा विरामचिन्हं येऊन बसली होती.

"या स्वल्पविराम बसा पूर्णविराम," ते मला पहिल्या भेटीत म्हणाले. "पुण्याहून आलात प्रश्नचिन्ह."

मला वाटलं, प्रकृती बरी नसावी. पण त्यांच्या घरी कधी जेवायला गेलो तरी तेच. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, वाढत असल्या की ते म्हणत, "आमटीत मीठ नाही उद्गारचिन्ह!" आणि काकू जागच्या हलत नसत. मला हळूच सांगत, "उद्गारचिन्ह असलं की फार काही नसतं. खरंच बिघडली असती तर कानडीत सांगितलं असतं."

मला ते 'अहो बी.ए.' म्हणत. या हाकेत आदर किती होता ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं. मी रात्रंदिवस खपून 'साम्राज्यशाहीची वज्रमुष्टी' असा अग्रलेख लिहिला होता. त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला आणि विचारलं, "ही मूठ कुणाची? नाव छापू."

"तशी ती... सर्वसाधारण मूठ आहे," मी म्हणालो.

"मग ही इथल्या कुणाला बसली का? कधी, कुठे?"

 त्यांनी लेख परत दिला. "यात काही घडलेलंच नाही, बी.ए. कलेक्टर हे वाचून आणखी एक उशी घेईल आणि झोपेल."

त्या जागी जनावरांचा बाजार हलवल्याची बातमी छापली गेली. माझी अटक लांबली.

काही शब्दांना आमच्याकडे बंदी होती. 'प्रचंड' चालत नसे, 'अभूतपूर्व' तर नाहीच, आणि 'जनता' लिहिलं की ते विचारत, "जनतेतली एक-दोन नावं सांगा." हे शब्द काढल्यावर माझ्या लेखनात फारसं काही उरत नसे.

या काटेकोरपणाला कारणही होतं. पूर्वी कधीतरी त्यांनी ऐकीव माहितीवरून एका वकिलांच्या निधनाची बातमी छापली होती, आणि वकीलसाहेब तो अंक हातात घेऊन स्वतः माडी चढून आले होते. तेव्हापासून कुणी गेल्याचं कळलं की संपादक उपसंपादकाला पाठवत. "मयत पाहून या." म्हणून मी, बी.ए. विथ ऑनर्स, परक्या घरांच्या ओट्यांवर टोपी काढून उभा राहत असे. घरची मंडळी मला लांबचा नातलग समजत. एकदा तर मला खांदाही द्यावा लागला.

असं असताना गावात एक बडे साहेब येणार असं ठरलं. गिरणीमागच्या वस्तीत नवा नळ बसवला होता आणि तो त्यांच्या हस्ते उघडायचा होता. हे काम एका पाणी कमिटीकडे होतं आणि कमिटीचे चेअरमन होते एक रावबहादूर. गावात त्यांचा मोठा बंगला होता, बंगल्यात बाग होती, आणि वर्तमानपत्रांशी त्यांचे संबंध फार गोड होते. वार्ताहर दिसला की ते आधी त्याच्या आईची प्रकृती विचारत.

समारंभाला संपादकांनी मला धाडलं. जाताना मी ठरवूनच गेलो होतो की कुणापुढे वाकायचं नाही. मांडवाच्या दाराशी रावबहादूर स्वतः उभे होते. "अरे, पत्रकार! या, या. मातोश्री बऱ्या आहेत ना?" त्यांनी माझा हात धरून मला साहेबांच्या मागच्याच रांगेत वेताच्या खुर्चीवर बसवलं. बर्फ घातलेला लेमन सोडा आला. साहेबांचा एक गोरा कारभारी माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाला, "आपण प्रेस, नाही का?" मी उभा राहून होय म्हणालो. बसून म्हणता आलं असतं, हे मला नंतर सुचलं.

साहेबांनी चांदीच्या किल्लीने नळ उघडला. पाणी धो धो आलं, टाळ्या झाल्या, बँड वाजला. कचेरीत येऊन मी पानंच्या पानं लिहिली. त्यात 'अभूतपूर्व' दोनदा होतं.

संपादकांनी वाचून विचारलं, "पाणी कसं होतं?"

"कसं म्हणजे?"

"गोड की मचूळ?"

"मी पाणी प्यालो नाही. सोडा प्यालो."

 दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊन वस्तीत गेले. मांडव काढून झाला होता, झेंडूच्या माळा तेवढ्या लोंबत होत्या. संपादकांनी नळ फिरवला. नळ सूं सूं करून गप्प झाला. शेजारच्या खोलीच्या दारात एक बाई उभी होती, गिरणीत रिळं भरायचं काम करणारी. सगळी वस्ती तिला चंद्राक्का म्हणत असे.

"आता कशाला पिळताय त्येला?" ती म्हणाली. "सायब आला तवा पानी आलं. सायब गेला, पानी बी गेलं."

"असं कसं?" मी विचारलं.

"आदल्या दिशी बैलगाड्यांनी पिपं आणली की. त्या वरच्या टाकीत वतली. खालनं नळच जोडल्याला न्हाय तर पानी येनार कुटनं?" तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी म्होरं खुर्चीवर बसला हुता न्हवं? तुमाला दिसलं न्हाय व्हय?"

मला खुर्चीवरून साहेबांची मान दिसली होती. ती छान होती.

त्या अंकात समारंभाची बातमी अशी आली: 'गिरणीमागील वस्तीत शनिवारी बड्या साहेबांनी नळ उघडला. पाणी आले. रविवारी आम्ही उघडला. पाणी आले नाही.' माझ्या सगळ्या पानांतून फक्त 'शनिवारी' हा शब्द घेतला गेला.

रावबहादुरांनी आम्हां दोघांना बंगल्यावर बोलावलं. आवाजात नुसती साखर. "संपादक, वरपर्यंत बोभाटा झालाय. दोन ओळींची दिलगिरी छापा, विषय मिटला. कमिटीच्या सगळ्या नोटिसा आपल्याच पत्राला देतो."

संपादक उभेच होते. कुठल्याही अधिकाऱ्याकडे ते बसत नसत, गुडघे दुखत असले तरी. म्हणाले, "रावबहादूर स्वल्पविराम, पाणी आलं की पाणी आलं असं छापीन पूर्णविराम. तेही सगळ्यांत मोठ्या टायपात."

"आणि दिलगिरी?"

"ती पाण्यानंतर."

पुढच्या अंकात पहिल्या पानावर एकच ओळ होती: 'नळाला पाणी आले नाही.' त्याच्या पुढच्या अंकात त्याच जागी तीच ओळ. मी म्हटलं, यावर एक घणाघाती लेख लिहितो. ते म्हणाले, "काही नवीन घडलंय का? नाही ना? मग तेवढंच."

लोक अंक हातात घेतला की आधी ती ओळ पाहू लागले. मग एके दिवशी छापखान्याचे शेटजी माडीवर आले. मान खाली घालून म्हणाले, "मालक, माझी लग्नपत्रिकांची, कमिटीच्या बिलांची कामं आहेत. तुमचा अंक आता माझ्याकडं नको." आम्ही दुसरा छापखाना पाहिला. पण छापखाना बदलला की सरकारी कचेरीत नवं डिक्लेरेशन, म्हणजे अंक कुठे छापतो त्याचं निवेदन, द्यावं लागे, आणि आमचं डिक्लेरेशन टेबलाटेबलांवर मुक्काम करू लागलं. अंक बंद पडला.

मला मनातून बरं वाटलं. आता लढा होणार, आणि लढा झाला की अटक. पण संपादकांनी नरसय्याकडून एक मोठा काळा फळा करून घेतला, माडीखाली रस्त्यावर टांगला, आणि रोज सकाळी खडूने लिहू लागले: 'आज नळाला पाणी आले नाही.' खाली बाजारभाव. फौजदार आले, फळ्याकडे बघत राहिले. "हे वर्तमानपत्र आहे काय?"

"फळा आहे," संपादक म्हणाले.

फौजदारांनी बाजारभाव वाचून घेतले आणि गेले.

एके दिवशी चंद्राक्का गिरणीची पाळी संपवून आली. तिला वाचता येत नव्हतं. मी मोठ्या आवाजात, हातवारे करून वाचून दाखवलं. ती ऐकून म्हणाली, "ह्यो फळा हितं कशापायी लावला वं?"

"लोकांना कळावं म्हणून," मी म्हणालो.

"लोकास्नी ठावं हाय की. आमच्याच घागरी रित्या हायत. ज्येला ठावं न्हाय त्येच्या दारात न्हेऊन लावा."

संपादकांनी चष्मा काढून पुसला. त्यांना इतकं खूश झालेलं मी क्वचितच पाहिलं होतं. "अहो बी.ए.," ते म्हणाले, "हातगाडी आणा."

रविवारी सकाळी निघायचं ठरलं. गिरणीला सुट्टी होती. आदल्या संध्याकाळी मी खाणावळीत सहज म्हणावं तसं म्हणालो, "उद्या बहुधा मला धरतील." खाणावळीतल्या मित्रांनी लगेच वर्गणी काढून गुलाबाचा हार आणला आणि सकाळी हातगाडीजवळच माझ्या गळ्यात घातला. अटकेनंतर घाला म्हटलं, तर म्हणाले, तेव्हा पोलीस जवळ येऊ देत नाहीत.

असे आम्ही निघालो. हातगाडीवर फळा, तिच्या पुढे संपादक, गळ्यात हार घातलेला मी, आणि मागे वस्तीतल्या बाया, प्रत्येकीच्या डोक्यावर रिकामी घागर. रावबहादुरांच्या फाटकाशी फौजदार दोन शिपाई घेऊन हजर होते. मी पुढे झालो, एका हाताने हार सावरला आणि सुरुवात केली, "बंधुभगिनींनो, साम्राज्यशाहीची वज्रमुष्टी..."

"जरा बाजूला व्हा," फौजदार मला म्हणाले. "फळा दिसत नाही."

मी बाजूला झालो. तेवढ्यात चंद्राक्काचं लक्ष फाटकातून आत गेलं. बागेत माळी रबरी नळीने गुलाबांना पाणी घालत होता. पाणी आळ्यातून वाहून वाटेवर आलं होतं.

"अगं बया," ती म्हणाली, "पानी तर हितं हाय!"

आणि ती सरळ आत गेली. तिच्यामागे साऱ्या बाया गेल्या. शिपायांनी फौजदारांकडे पाहिलं, फौजदारांनी बंगल्याकडे पाहिलं. रावबहादूर व्हरांड्यात आले होते. चंद्राक्काने माळ्याच्या हातातली नळी घेतली होती आणि घागर भरायला लावली होती. रस्त्यावर गर्दी जमली होती. रावबहादूर क्षणभर थबकले. पाणी भरणाऱ्या बायकांना गावासमोर हाकलायचं म्हणजे काय, हे त्यांना आमच्याआधी कळलं.

"भरा, भरा," ते म्हणाले. "पाण्याला कुणी नाही म्हणतं का?"

संपादकांनी तिथल्या तिथे फळा पुसला आणि लिहिलं: 'रावबहादुरांच्या बंगल्यात नळाला पाणी आहे. ते त्यांनी सर्वांना भरू दिले.' मोठ्याने वाचूनही दाखवलं. रावबहादुरांनी मान लववली. बातमीत चूक काढायला जागा नव्हती.

बायांची रेटारेटी होऊ लागली तेव्हा फौजदार मला म्हणाले, "तुम्ही मोकळेच दिसता. रांग लावा." मी रांग लावली. गळ्यात हार, हातात कुणाची तरी कळशी. जाता जाता चंद्राक्का थांबली. "ह्यो हार तुमाला कशाचा? त्यास्नी घाला की. पानी त्यांनी दिलं."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. व्हरांड्याच्या पायऱ्या चढून मी रावबहादुरांना हार घातला. ते गहिवरून म्हणाले, "मातोश्रींना नमस्कार सांगा."

दुसऱ्या दिवशी उजाडताच सगळी वस्ती घागरी घेऊन बंगल्यावर आली. आदल्या दिवशी न आलेल्याही आल्या, कारण फळ्यावर तशी बातमी होती. गुलाबांची बाग तुडवली गेली. आठवडा उलटायच्या आत वस्तीतला नळ खालून जोडला गेला आणि त्याला पाणी आलं. डिक्लेरेशनही टेबलावरून उठलं.

माझा अग्रलेख तयार होता: 'आमच्या लेखणीचा विजय'. संपादकांनी पहिल्या पानावर शेटजींकडचा सगळ्यांत मोठा टाइप आणवून 'नळाला पाणी आले' एवढंच छापलं, आणि खाली कमिटीचे आभार. मी चिडलो. "आभार? त्यांचे?"

"नळ कुणी जोडला?"

"पण आपल्यामुळे!"

"पाणी तलावातून आलं, बी.ए. तुमच्या दौतीतून आलं असतं तर निळं असतं." मग म्हणाले, "आणि हार तुम्हीच घातलात."

तीस साली गावावर लष्करी कायदा आला. दिसेल त्याला पकडत होते. ज्या दिवसांची मी वाट पाहिली होती ते हेच दिवस, आणि मी तेव्हा पुण्यात बहिणीकडे कावीळ होऊन उसाच्या गंडेऱ्या चघळत पडलो होतो. अंक छापण्याआधी दाखवा असा हुकूम संपादकांना झाला. त्यांनी अंकच बंद केला. "दुसऱ्याने पास केलेली बातमी म्हणजे जाहिरात," ते म्हणाले होते म्हणे, "आणि जाहिरात आपण फुकट छापत नाही." त्यानंतर एके दिवशी त्यांना चौकात पकडलं. भिंतीवर डकवलेल्या सरकारी हुकमात 'शिक्षा' हा शब्द 'शीक्षा' असा पडला होता, तो ते पेन्सिलीने दुरुस्त करत होते. जाहीरनाम्यात ढवळाढवळ केली म्हणून त्यांना सक्तमजुरी झाली. सुटून आले तेव्हा स्टेशनावर काकू आणि नरसय्या होते. मला तार उशिरा मिळाली.

पुढे ते दुधनीला मेव्हण्याच्या आडत दुकानात जाऊन बसले. मी मुंबईच्या एका मोठ्या दैनिकात लागलो. सदतीस साली प्रांतात आपल्या लोकांचं मंत्रिमंडळ आलं आणि माझा भाव वधारला. एका मंत्र्यांनी मला शेजारी बसवून चहा दिला, म्हणाले, "तुमच्या लेखणीचा आम्हांला आधार आहे." असं कुणी म्हटलं की माझ्या हातून दोन कॉलम जास्त लिहिले जातात. सरकारी जंगलातल्या कुरणांच्या प्रश्नावर मी 'नवी पहाट' असा लेख लिहिला. त्याचं फार कौतुक झालं, म्हणजे मंत्र्यांनी केलं. दौऱ्यावर असताना दुधनीला उतरलो, तो लेख संपादकांनी पाहिला असेल या आशेनेच.

बाजाराचा दिवस होता. आडतीच्या ओट्यावर संपादक बसले होते, केस पांढरे झालेले, भिंगं आणखी जाड. दुधनी अक्कलकोट संस्थानात, पण बाजाराला खालसा, म्हणजे इंग्रजी मुलखातले, कानडी-मराठी दोन्ही बोलणारे धनगरही येत. पाच-सहा जण घोंगड्या टाकून त्यांच्यापुढे बसले होते. संपादक त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. वर्तमानपत्र माझं होतं. लेखही माझाच.

मला पाहून त्यांनी हाताने बसा म्हटलं आणि वाचत राहिले. एकही स्वल्पविराम गाळला नाही. दोन कॉलम पूर्ण झाले. मग धनगरांकडे वळून ते कानडीत एक वाक्य बोलले. लहानसंच. धनगरांनी माना हलवल्या.

"काय सांगितलंत?" मी विचारलं.

"अर्थ."

"सगळ्या लेखाचा?"

"होय. साहेब भले आहेत, एवढा अर्थ होता."

एक म्हातारा धनगर माझ्याकडे वळला. "तुमीच लिवलंय न्हवं ह्ये? मंग फारेष्टात मेंढरं सोडाया मिळनार का न्हाय?"

"त्या प्रश्नाचा सहानुभूतीने विचार चालू आहे," मी म्हणालो.

म्हाताऱ्याने संपादकांकडे पाहिलं. "इल्ला," संपादक म्हणाले. कानडीत 'नाही'.

धनगर उठले, घोंगड्या झटकल्या. म्हाताऱ्याने मला हात जोडले. "लई कष्ट घेतलं तुमी," तो मनापासून म्हणाला आणि चालू लागला.

संपादकांनी वर्तमानपत्राची घडी घातली.  ते मला काही बोलले असते तर बरं झालं असतं, निदान मी वाद घातला असता. मी उठलो आणि कोट सावरून बाजारातून त्या म्हाताऱ्याच्या मागे धावलो. "बाबा, थांबा! मेंढरं कुणी अडवली? कुठं?"

तो थांबला नाही. त्याची मेंढरं पुढे निघाली होती. चालता चालताच तो सांगू लागला, आणि मी धोतराचा सोगा हातात धरून, धुळीतून, त्याच्या मागोमाग ऐकत गेलो. पार गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत. मुंबईची गाडी चुकली.